आमच्या वाडीत न आलेल्या रस्त्याचं पत्रक

आमच्या गावातल्या बाप्यांना एक काम फार चांगलं जमतं. जे झालं नाही ते झालं असतं तर काय झालं असतं, हे ठरवण्याचं. संध्याकाळी सहाणेच्या कट्ट्यावर बसतात. सहाण म्हणजे शिमग्यात पालखी बसते तो चौथरा. गावातला डांबरी रस्ता तिथे संपतो.

"रेल्वेचं स्टेशन आपल्याच सड्यावर व्हायचं होतं," एक जण सुरू करतो. सडा म्हणजे गावावरचा कातळाचा माळ.

"व्हायचंच होतं. सर्व्हेवाला साहेब आला नि नेमका सोमवार. डाळभात घातला त्याला."

"सुरमई घातली असती तर आज सड्यावर स्टेशन होतं."

"स्टेशन होतं म्हणजे बाहेर हॉटेल होतं. माझं."

"तुझं कशाला? जागा आमची."

आणि नसलेल्या स्टेशनाबाहेरच्या नसलेल्या हॉटेलावरून दोन माणसं खरीखुरी भांडतात. एकदा तर आठवडाभर बोलत नव्हती.

लहानपणी हे ऐकून मला हसू यायचं. आता येत नाही. कारण हा खेळ खेळायला आधी कट्ट्यावर जागा लागते. ज्यांचं आहे ते बरं चाललंय, ते हा खेळ खेळतात. आम्हाला तोच खेळ आरोप म्हणून ऐकवला जातो. तुम्ही तेव्हा मागितलं असतंत तर. तुमच्यातलं कोणी तेव्हा पंचायतीत असतं तर. तुम्ही जरा गोडीने घेतलं असतंत तर. त्यांचं 'असतं' म्हणजे करमणूक आणि आमचं 'असतं' म्हणजे आमचीच चूक.

सहाणेवरून आमची बौद्धवाडी दिसते. दिसते, पण गाडीने जाता येत नाही. काजूच्या बागेतून पायवाट उतरते, खाली पऱ्या ओलांडायचा, मग जांभ्या दगडाच्या पायऱ्या चढायच्या, की आमची घरं. पऱ्याला पावसाळ्यात कमरेवर पाणी असतं आणि उन्हाळ्यात नुसते धोंडे. बाग गावच्या मानकऱ्यांची आहे. मानकरी म्हणजे देवळात पहिला मान ज्यांचा, ते. त्या बागेच्या कडेने एक पट्टा मिळाला तर रस्ता आमच्या वाडीत येतो. पट्टा मिळाला नाही तर सहाणेवर थांबतो. इतकी साधी गोष्ट आहे. ती मी इतकी वर्षं इतक्या भाषांत लिहिली आहे, की आता ती साधी आहे यावर कोणाचा विश्वास बसत नाही.

माझे बाबा पोफळीला वीजघरात हेल्पर होते. निवृत्त झाले तेव्हा वसाहतीतली खोली सोडली आणि वाडीत चिऱ्याचं घर बांधलं. सगळा चिरा सहाणेवर उतरवला आणि तिथून डोक्यावरून आणला. आईने आणला, चुलतीने आणला, वाडीतल्या बायांनी आणला. घर झालं, पडवीत बाबांनी स्वतः फरशी घातली, आणि सुखाने बसायचे दिवस आले तेव्हा साखरेने त्यांचा पाय नासला. गुडघ्याखाली कापावा लागला. आता ते लांज्याला आत्याकडे असतात, बाजारपेठेच्या मागच्या खोलीत. एक दिवसाआड दवाखान्यात ड्रेसिंग. डॉक्टर म्हणाले, गाडी दारात जात असेल तर खुशाल घरी जा. गाडी सहाणेपर्यंत जाते.

एकदा आम्ही त्यांना आणलं होतं. प्लास्टिकच्या खुर्चीला बांबू बांधून, चार जणांच्या खांद्यावर. पायऱ्यांवर खुर्चीचा एक पाय मोडला आणि बाबा कडेच्या कुंपणाला धरून राहिले म्हणून वाचले. परत जाताना म्हणाले, "आता गोणीसारखा नाय येणार. माणसासारखा आणता आलं तर आणा."

तेव्हापासून ते लांज्यात आहेत, आणि मला दर वेळी एकच विचारतात, "सही झाली का?"

सही मानकऱ्यांची. बाग तीन भावांच्या नावावर. मुंबईतल्या दोघांनी गणपतीत येऊन संमती दिली, त्यांना आमची अडचणही समजली नव्हती, त्यांना परतीची गाडी गाठायची होती. राहिले गावातले. ते 'नाही' कधीच म्हणाले नाहीत. "बघू" म्हणाले. मोजणी झाली, बघू. रस्ता मंजूर झाला, बघू. मार्चअखेर संमती आली नाही तर निधी परत जाणार, असं पंचायतीतून कळलं, तेव्हा ते म्हणाले, "अजून शिमगा आहे की मधे."

मी रत्नागिरीत एका संघटनेचं काम करते. पत्रकं लिहिणं हे माझं काम. वर ठळक अक्षरांत मथळा, खाली आमच्या मागण्या, शेवटी 'आपले नम्र', जरी आम्ही त्यातलं काहीच नसलो तरी. रस्त्याच्या पत्रकाचा मसुदा मी आमच्या कार्यालयातल्या ताईंना दाखवला. त्यांचं आयुष्य या कामात गेलं आहे. त्यांनी चष्मा वर केला.

"वाचलं असतंस का हे, तू लिहिलेलं नसतं तर?"

"मुद्दे आहेत ताई त्यात सगळे."

"मुद्दे आहेतच. गावात वाचणार कोण? त्यांना काय आवडतं ते लिही."

त्यांना काय आवडतं ते मला चांगलं माहीत होतं. मी घरी आले आणि एका बैठकीत पत्रक लिहून काढलं. मागणी एकही नाही. मथळा होता: 'आमच्या वाडीत रस्ता आला, तेव्हाची गोष्ट.' रस्ता माझ्या लहानपणीच आला, असं धरून मी वाडीचा इतिहास नव्याने लिहिला होता. थोडं इथे देते:

'रस्ता आला त्या वर्षी मासेवालीची रिक्षा पहिल्यांदा वाडीत शिरली आणि आमच्या बाया घरबसल्या बांगड्याचा भाव पाडू लागल्या. दहावीनंतर घरी बसलेल्या मुली एसटीने लांज्याच्या कॉलेजात गेल्या. शेजारच्या काकूंना ताप आला त्या पावसात गाडी दारात आली, म्हणून त्या आजही आहेत आणि आजही सुनेला बोलतात. वाडीतल्या पोरांची लग्नं वेळेवर झाली. एका निवृत्त हेल्परने पाय गेल्यावरही आपल्या पडवीत बसून कावळ्यांना शिव्या द्यायचा हक्क सोडला नाही.'

यातलं प्रत्येक वाक्य उलटं केलं की आमचा खरा इतिहास होतो. काकू त्या पावसात पऱ्याच्या अलीकडेच गेल्या. दहावीनंतर बसलेल्या मुलींत माझी सख्खी बहीण आहे. मला वाटलं होतं, माणसं वाचतील, वाक्यं उलटी करून बघतील, आणि कोणीतरी मानकऱ्यांना म्हणेल, बस झालं आता.

पत्रक पिवळ्या कागदावर छापलं आणि शिमग्यात वाटलं. मुंबईकर सगळे आलेले, पालखी सहाणेवर, आख्खं गाव एका जागी. याहून चांगला दिवस कोणता?

याहून वाईट दिवस नव्हता, हे मला दुपारपर्यंत कळलं. शिमग्यात आमच्याकडे कोणीही कोणालाही काहीही बोलतं. शिव्या घालतात, सोंगं काढतात, सासऱ्याची टर उडवतात, आणि त्यातलं काही मनावर घ्यायचं नाही असा रिवाज आहे. गावात जन्मलेली मी, रत्नागिरीत राहून हे विसरले. लोकांनी माझं पत्रक हातात घेतलं, वाचलं, आणि शिमग्यातलंच एक सोंग समजून ते पोट धरून हसले.

"मस्त लिव्हलंय गो. पुढे? बांगड्याचा भाव किती पाडला?"

"आणि लिही, रस्ता आला म्हणून माझी बायको माहेरी लवकर पोचायला लागली. माझं भलं झालं."

"तुमच्या वाडीत गाडी आली असती तर आमची पोरं तुमच्याकडे क्रिकेटला आली असती. हरली असती, पण आली असती."

दुपारी खेळे आले, शिमग्यात नाचत सोंगं दाखवणारे. ढोलकी, झांजा, मधे सोंग. वरच्या वाडीतल्या एकाने गळ्यात ट्रकचा टायर अडकवला होता, डोक्याला पाटी, 'बौद्धवाडी जलद'. त्याच्यामागे कंडक्टर, हातात माझं पिवळं पत्रक, त्याचे तुकडे फाडून तिकीट म्हणून देत होता. "चला, पऱ्याच्या पलीकडे कोण, पऱ्याच्या पलीकडे." माणसं तिकिटं घेत होती. टायरवाला सहाणेच्या टोकापर्यंत जायचा, जोरात ब्रेक मारायचा, आणि पडायचा. प्रत्येक वेळी पडला की हशा. आमच्या वाडीतली दोन पोरंसुद्धा हसत होती. मी त्यांच्याकडे पाहिल्यावर एकाने तोंड बंद केलं. दुसऱ्याने तेही केलं नाही.

मी तिथे उभी होते. मला माणसं हसल्याचा राग नव्हता. रस्ता न येणं ही गोष्ट त्यांना हसण्याइतकी लांबची वाटते, याचा होता. तेच खेळे, तीच माणसं, सहाणेच्या कडेवर उभी राहिली तर त्यांना आमची कौलं दिसतात.

संध्याकाळी फोनवर बाबांना सांगितलं. वाटलं होतं ते चिडतील. त्यांनी आधी विचारलं, "कंडक्टर कोण झाला होता?"

मी सांगितलं.

"तो बरा करतो. त्याचा बापही करायचा." आणि मग, "सही झाली का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मानकऱ्यांच्या घरी गेले. ओटीवर बसले होते, समोर काजूच्या बिया वाळत घातलेल्या, हातात माझं पत्रक. त्यांनी मला बसायला सांगितलं, आतून चहा मागवला. चहा चांगला होता. हे मुद्दाम लिहिते, कारण आमच्या आज्याला या ओटीवर चहा मिळत नव्हता आणि मला मिळतो, म्हणून सगळं बदललं असं समजणारे पुष्कळ आहेत.

"बाय, झकास लिहितेस. पाच प्रती दे, मुंबईत भावांना पाठवतो, शिमग्याला आले नाय ते. ते काकूंचं वाचून तर हिला रडू आलं."

"काका, मग सही करा."

"अगो, सही म्हणजे काय, आत्ता करीन. पण बागेच्या वरच्या टोकाला देवाची राई लागते. झाडाला धक्का लागणार. देवाला विचारल्याशिवाय आमच्या घरात कोणी कुदळ मारलेली नाय. कौल लावू."

कौल म्हणजे देवाच्या पाषाणावर फुलाच्या पाकळ्या पाण्याने चिकटवायच्या आणि प्रश्न विचारायचा. उजवी पडली तर हो, डावी पडली तर नाही. विहीर कुठे खणायची, मुलीचं स्थळ घ्यायचं का, मुंबईचा धंदा विकायचा का, गाव सगळं असं विचारतं. त्याला माझी हरकत नाही. ज्याचा देव त्याने विचारावं.

"लावा," मी म्हटलं.

"मी कसा लावू? अडचण तुमची. ज्याचं काम त्याने नारळ ठेवायचा, गाऱ्हाणं घालायचं. तुमच्या वाडीने यायचं, देवापुढे उभं राहायचं."

मग ते पुढे वाकले, आवाज मऊ केला, आणि मला ते म्हणाले जे मी मरेपर्यंत विसरणार नाही.

"तुमच्या आज्याने तेव्हा देव सोडला नसता ना बाय, तर आज ही वेळच आली नसती. देव तुमचाही होता की. हक्काने आला असतात, हक्काने विचारलं असतंत. रस्ता कधीच झाला असता."

त्यांच्या चेहऱ्यावर वाईटपणा नव्हता. त्यांना खरंच तसं वाटत होतं. तेच जास्त संतापजनक होतं.

मी कप खाली ठेवला. "काका, मग पुढचंही बोला. आज्याने देव सोडला नसता तर काय झालं असतं?"

"म्हंजे?"

"म्हणजे आज मी कुठे असते? या ओटीवर? आजा तुमच्या पालखीपुढे वाजवत होता. मेलेलं ढोर ओढत होता. कौल लागला की त्याला सांगायला बोलवायचे, विचारायला नाही. पायरीच्या खाली, उन्हात. त्याने देव सोडला नसता तर माझे बाबा पोफळीला गेले नसते, तिथेच वाजवत राहिले असते. मी हे पत्रक लिहिलं नसतं. मला लिहिता आलं नसतं. आणि रस्ता? तो आधी मागायला लागला असता. मागायला तोंड कुठे होतं?"

"असं कुठे म्हटलं मी."

"तेच म्हटलंत. तुम्ही फक्त सुरुवात सांगता. पुढचं आमच्यावर सोडता."

आतून काकी म्हणाल्या, "चहा दे गो अजून तिला," आणि कोणीच उठलं नाही.

त्या दिवशी वाडीची सभा विहारात बसली. मी जे घडलं ते सांगितलं. मला वाटलं होतं सगळे एका आवाजात बोलतील. नाही बोलले. माझा चुलता म्हणाला, "एक नारळ. देव मानतो म्हणून नाय, सही मिळते म्हणून. सरकारी कागदाला तिकीट लावतो तसा."

"तिकिटापुढे हात जोडत नाही आपण," मी म्हटलं.

"जोडतो की. तहसीलला किती वेळ जोडून उभा होतो मी."

हसले सगळे. मग काकूंचा मुलगा, ज्याची आई पऱ्याच्या अलीकडे गेली तो, म्हणाला, "मी जातो नारळ घेऊन. तुमच्यातल्या कोणाला नको असेल तर मागे थांबा." त्याला कोण काय बोलणार? मला त्याचा राग आला.

कोणीतरी म्हणालं, ज्याला घरी यायचंय त्याला विचारा. फोन लावला, स्पीकरवर टाकला. बाबांनी सगळं ऐकून घेतलं. पलीकडून लांज्याच्या बाजारातल्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते.

"नारळ देऊन रस्ता मिळाला," बाबा म्हणाले, "तर मी गाडीतून येणार, पडवीत बसणार. बरोबर? पडवीतून समोर काय दिसतं? देऊळ. रोज बघायचं ते. म्हाताऱ्याने देव पऱ्यात सोडले तेव्हा गावाने वर्षभर वाडीला काम दिलं नाय. आई मला सांगायची, काय खाल्लं ते. ते खाऊन मी मोठा झालो. आता एका पायासाठी मागे जाऊ?"

चुलत्याने फोन जवळ ओढला.

"मला घरी यायचंय," ते म्हणाले. "तुमच्यातल्या कोणाहीपेक्षा मला यायचंय. आत्याच्या खोलीला खिडकी पण नाय. पण असा नाय येत."

काकूंच्या मुलाने मान खाली घातली. म्हणाला, "बरं." नारळाचं पुन्हा निघालं नाही.

मी रात्रभर तळमळले वगैरे लिहिणार नाही. मी झोपले आणि सकाळी उठून थेट देवळात गेले. आत नाही. मला कोणी अडवलं नसतं. मलाच जायचं नव्हतं. बाहेरच्या चौथऱ्यावर उभी राहिले. मानकरी होते, मुंबईकर होते, गुरव आत पाषाण धूत होते. मी सगळ्यांना ऐकू जाईल असं विचारलं.

"ज्याचं काम त्याने गाऱ्हाणं घालायचं, असा नियम आहे ना?"

"आहे," मानकरी म्हणाले.

"जमीन कोणाची?"

"आमची."

"मग ती द्यायची की नाही, हा प्रश्न कोणाचा? आमच्या मनात काही शंका नाही. आम्हाला रस्ता हवा, हे आम्हाला माहीत आहे, देवाला विचारायची गरज नाही. शंका तुम्हाला आहे. तुम्ही विचारा."

चौथऱ्यावर कुजबूज झाली. गुरव ओला हात पुसत बाहेर आले. तो माणूस कमी बोलतो. "बरोबर बोलतेय ती," म्हणाले. "ज्याची वस्तू त्याचं गाऱ्हाणं. असंच चालत आलंय."

मुंबईकरांना तर काहीतरी बघायला हवंच होतं. "लावा काका, लावा. आज होऊन जाऊ दे." मानकऱ्यांना मागे जायला जागा उरली नाही. नारळ आला. त्यांचाच. गुरवांनी पाकळ्या चिकटवल्या आणि गाऱ्हाणं घातलं, आणि दर ओळीला माणसं "व्हय म्हाराजा" म्हणाली. मी दारातून बघत होते.

पाकळ्या काही पडेनात. देवळात मुंबईच्या मंडळाने दिलेला पंखा आहे, तो गरागरा फिरत होता. एक जण म्हणाला, "पंखा बंद करा, वाऱ्याने पडली तर तो कौल धरायचा का?" दुसरा म्हणाला, "एवढा वेळ चालू होता, आता बंद केला तर तीच फसवणूक." मानकऱ्यांचा मुलगा म्हणाला चालू ठेवा. कोणी म्हणालं त्याला काय माहीत. पंखा दोनदा बंद झाला, दोनदा चालू झाला. सगळे घामाघूम. माझ्या बापाचं घर त्या दोन ओल्या पाकळ्यांवर टांगलेलं, आणि गाव पंख्याच्या बटनावरून भांडत होतं.

मग दोन्ही पाकळ्या एकदमच पडल्या. उजवीही आणि डावीही. 'टप' असा आवाजसुद्धा झाला नाही.

सगळे गुरवांकडे बघायला लागले. गुरवांनी दोन्ही पाकळ्या उचलून बघितल्या. मग म्हणाले, "देव म्हणतो, तुमचं तुम्ही ठरवा."

मला त्या क्षणी तो देव पहिल्यांदा आवडला.

मानकऱ्यांना नाही आवडला. त्यांनी पंच्याने तोंड पुसलं. "हो पण नाय, नाय पण नाय. म्हंजे वेळ आलेली नाय. पुढच्या शिमग्याला परत विचारू." आणि माणसं पांगली. एकही मुंबईकर म्हणाला नाही, की काका, देवाने तुमच्यावर सोडलंय, ठरवा आत्ता. त्यांना बॅगा भरायच्या होत्या.

मार्च संपला. निधी परत गेला. पंचायतीतल्या माणसाने मला ते सांगितलं आणि वर म्हणाला, "एक सही लवकर झाली असती ना, तर..." मी त्याला वाक्य पुरं करू दिलं नाही.

एप्रिलच्या पहिल्या रविवारी काकूंचा मुलगा पहार घेऊन पऱ्यात उतरला. कोणाला बोलावलं नव्हतं. तो लांज्यात पिकअप चालवतो. पऱ्या सरकारी, कोणाच्या बापाचा नाही. लांज्याच्या मोठ्या रस्त्याखालच्या मोरीपासून आमच्या वाडीखालपर्यंत कोरडा पडलेला, मधे धोंडे आणि झुडपं. त्याने पहिला धोंडा हलवला, तेव्हा माझा चुलता वरून ओरडला, "काय शोधतोयस?" आणि मग आपण होऊन खाली उतरला. दुपारी सगळी वाडी पऱ्यात होती. ज्या बायांनी डोक्यावरून चिरा आणला होता, त्यांनीच आता घमेल्याने खडी भरली. सहाणेवर हसलेली आमची ती दोन पोरंही होती. त्यांच्या हाताला फोड आले होते, माझ्याही.

दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी पिकअप पऱ्यातून हेलकावत आली, पुढच्या सीटवर बाबा, मांडीवर कुबड्या, आणि एका हाताने दाराची कडी घट्ट धरलेली. पायऱ्यांशेजारी खडी टाकून केलेला चढ चढून गाडी आमच्या अंगणात उभी राहिली. आईने पाणी आणलं. बाबा पडवीत बसले, फरशीवरून हात फिरवला, म्हणाले, "कोणी पुसत नव्हतं वाटतं."

हा रस्ता नाही. पहिल्या जोरदार पावसाला तो वाहून जाणार आणि बाबांना पुन्हा आत्याच्या बिनखिडकीच्या खोलीत जावं लागणार. हे मी त्यांना सांगितलं. ते म्हणाले, बघू. मी म्हटलं, तो शब्द आमच्या घरात नको. तर म्हणाले, "मग नाय जाणार. असं बोलू?" या मुद्द्यावर आमचं अजून भांडण चालू आहे.

मी नवं पत्रक लिहिलं. त्यात 'असतं' एकदाही नाही. जमीन कोणाची, रस्ता किती, कोणाची सही नाही, इतकंच. ताई म्हणाल्या, कोरडं आहे. मी म्हटलं, असू दे.

एक दिवसाआड ड्रेसिंगला पिकअप पऱ्यातून लांज्याला जाते. पऱ्या मानकऱ्यांच्या बागेच्या खालून जातो, आणि या दिवसांत ते सकाळी बागेत काजू वेचायला असतात. पहिल्याच दिवशी बाबांनी काकूंच्या मुलाला तिथे गाडी थांबवायला लावली. काच खाली केली.

"काय मानकरी, बरं हाय ना?"

"बरं हाय. तुमी कसे?"

"बरा हाय. सही झाली?"

मानकरी हसले. शिमग्यातलं हसू अजून थोडं शिल्लक होतं. "करू, करू."

परवा मी बरोबर होते. गाडी थांबली, काच खाली झाली. मानकऱ्यांच्या टोपलीत अर्धीच बोंडं होती, बागेतला हंगाम सरत आलेला. वर आभाळ भरल्यासारखं दिसत होतं.

"सही झाली?" बाबा म्हणाले.

मानकरी हसले नाहीत. टोपली या हातातून त्या हातात घेतली आणि काजूच्या झाडांमागे गेले. बाबांनी काच वर केली नाही.

"थांब जरा," त्यांनी काकूंच्या मुलाला सांगितलं. "येतील परत. टोपली भरायची राहिलीय त्यांची."

आम्ही थांबलो.